एकाच आठळीतली दोन प्रथिनं: जॅकलिन आणि आर्टोकार्पिन

कोकणात फणस संपले तरी आठळ्या पावसाळ्यातल्या भाजीसाठी राखून ठेवतात. त्या आठळीत साखर ओळखून धरणारी दोन प्रथिनं, म्हणजे लेक्टिनं, शेजारीशेजारी असतात. घडण जवळपास सारखी, दोन्हींत चार-चार घटक. पण जॅकलिनला गॅलॅक्टोज लागतं, आर्टोकार्पिनला मॅनोज.

या दोन साखरांत अणू तेच आणि तेवढेच. फक्त दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवरचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) उलट बाजूंना वळलेले. एवढ्याशा फरकावर निवड ठरते. बी तयार होताना जॅकलिनची साखळी कापली जाते: २० अमिनो आम्लांचा एक तुकडा, १३३ चा दुसरा. मोठ्या तुकड्याच्या टोकाचं ग्लायसीन हे अमिनो आम्ल त्यामुळे मोकळं होतं, साखरेच्या खोबणीत येतं आणि गॅलॅक्टोजशी हायड्रोजन बंध जोडतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने १९९६ साली ही रचना क्ष-किरणांनी उलगडली. आर्टोकार्पिनची साखळी मात्र अखंडच राहते. (जॅकलिन मॅनोजलाही अगदीच नाही म्हणत नाही, पण पकड ढिली.)

प्रयोगशाळेत माझं मत जॅकलिनला. रक्तातल्या आयजीए या प्रतिपिंडाचे (अँटिबॉडीचे) दोन प्रकार: आयजीए-१ ते धरतं, आयजीए-२ सोडून देतं. दोन्ही वेगळी करायला याहून सोपं काय हवं? मॅनोजवाल्या साखरसाखळ्या शोधायच्या असतील तर आर्टोकार्पिन घ्यावं.

हे सगळं कच्च्या आठळीचं. उकडली की प्रथिनांचा आकार मोडतो, आणि मग भाजीत दोघांत काही फरक उरत नाही.