कॅलिफोर्नियाची ‘एमक्यू’ पुस्तिका: माहिती चोख, पण वाचायची मागच्या बाजूने

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (प्रामुख्याने दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) शिकवायला कोण पात्र, हे सांगणारी पुस्तिका फुकट मिळते. या कॉलेजांचा राज्यस्तरीय कारभार पाहणाऱ्या चान्सलर ऑफिसच्या संकेतस्थळावर तिची पीडीएफ आहे. अधिकृत नाव ‘मिनिमम क्वालिफिकेशन्स फॉर फॅकल्टी अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ असं लांबलचक असलं, तरी कॉलेजांत तिला सगळे ‘एमक्यू हँडबुक’ म्हणतात. राज्यातल्या ७३ डिस्ट्रिक्टना (कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) आणि त्यांच्या ११६ कॉलेजांना ती लागू आहे. क्युपर्टिनोचं डी अँझा, लॉस अल्टोस हिल्सचं फूटहिल, फ्रीमॉन्टचं ओलोनी, सांता क्लाराचं मिशन ही त्यातलीच. नोकरी सांभाळून संध्याकाळचा एखादा वर्ग घ्यावा असं मनात असलेल्या बे एरियातल्या मराठी माणसाला अर्ज करण्याआधी ही पुस्तिका उघडावीच लागते. पूर्णवेळ असो वा अर्धवेळ, किमान पात्रता एकच आहे. ‘पार्ट-टाइमला चालतं हो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

एका वाक्यात मत द्यायचं तर माहिती चोख आहे, भाषा सरकारी आहे, आणि उत्तर अर्ध्याच प्रश्नाचं मिळतं. ‘या डिसिप्लिनला (पात्रतेसाठी ठरवलेल्या विषयाला) कोणती पदवी लागते’ हे इथे कळतं. ‘मला शिकवायचा आहे तो कोर्स कोणत्या डिसिप्लिनमध्ये येतो’ हे कळत नाही, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

थोडी पार्श्वभूमी लागेल. पूर्वी या कॉलेजांत शिकवायला राज्याचं क्रेडेन्शियल, म्हणजे परवाना लागायचा. १९८८च्या एबी १७२५ या कायद्याने ती पद्धत बंद करून किमान पात्रतेची यादी आणली. (जुनी आजीवन क्रेडेन्शियल्स आजही ग्राह्य आहेत, कुणा निवृत्त शेजाऱ्याकडे असेल तर तो यादीत न बसताही शिकवू शकतो.) यादीत काय असावं याची शिफारस प्राध्यापकांची राज्यस्तरीय अ‍ॅकॅडमिक सिनेट करते आणि बोर्ड ऑफ गव्हर्नर्स ती मंजूर करतं. त्यामुळे पुस्तिकेच्या आवृत्त्या बदलत राहतात. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जुनी प्रत वापरू नका, चालू आवृत्ती स्वतः उतरवून घ्या.

आत डिसिप्लिन अकारविल्हे लावलेली आहेत. मुख्य भेद दोन. पहिल्या यादीत मास्टर्स अपेक्षित असलेले विषय आहेत: गणित, इंग्रजी, इतिहास, संगणकशास्त्र, अकाउंटिंग वगैरे. दुसऱ्या यादीत मास्टर्स सहसा नसते किंवा लागत नाही असे विषय आहेत: ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी, कॉस्मेटॉलॉजी, पाककला. दुसऱ्या यादीचा सर्वसाधारण नियम सुटसुटीत आहे. कोणतीही बॅचलर्स आणि संबंधित कामाचा २ वर्षांचा अनुभव, किंवा कोणतीही असोसिएट (दोन वर्षांची) पदवी आणि ६ वर्षांचा अनुभव. जिथे परवाना लागतो तिथे परवाना वेगळा. अनुभव पूर्णवेळाच्या हिशेबात मोजतात. आठवड्याला वीस तासांची दोन वर्षं म्हणजे एकच वर्ष धरलं जातं.

पहिल्या यादीतली नोंद वाचताना घाई करू नये. प्रत्येक नोंद ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांनी जोडलेली असते, आणि तो ‘आणि’ नजरेतून सुटला की सगळा हिशेब चुकतो. गणिताची रूढ नोंद पाहा: गणित किंवा उपयोजित गणितात मास्टर्स, किंवा यांपैकी एकात बॅचलर्स आणि संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र वा गणित-शिक्षण यांत मास्टर्स. याचा अर्थ बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही संख्याशास्त्रात केलेला माणूस, ज्याच्याइतकं संख्याशास्त्र स्टाफरूममध्ये दुसऱ्या कुणाला येत नसेल, तो या नोंदीत सरळ बसत नाही, कारण त्याची बॅचलर्स गणितातली नाही. बी.एस्सी. गणित आणि एम.एस्सी. संख्याशास्त्र असेल तर बसतो. न्यायाचं आहे का? नाही. पण नियम असा आहे, आणि पहिल्या माणसाने अर्ज करताना कोणता फॉर्म जोडायचा हे त्यावरूनच ठरतं.

संगणकशास्त्राची नोंद आपल्याकडच्या लोकांना त्यामानाने उदार आहे. संगणकशास्त्र किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची मास्टर्स चालतेच. शिवाय इंजिनिअरिंगची बॅचलर्स आणि वर इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स किंवा बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स असा जोडही चालतो. म्हणजे पुण्याचा बी.ई. मेकॅनिकल अधिक एमबीए कागदोपत्री संगणकशास्त्र शिकवायला पात्र ठरतो. हे वाचून भुवया उंचावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ही किमान पात्रता आहे, निवड नव्हे. मुलाखतीत शिकवून दाखवावं लागतं. शिवाय डिस्ट्रिक्टला किमान पात्रतेपेक्षा जास्त मागायची मुभा आहे.

आता राहिलेला अर्धा प्रश्न. प्रत्येक कोर्स कोणत्या डिसिप्लिनमध्ये टाकायचा हे चान्सलर ऑफिस ठरवत नाही; ते कॉलेजातले प्राध्यापक, म्हणजे तिथली करिक्युलम कमिटी आणि सिनेट ठरवतात. तीच तीस-पस्तीस तासांची पायथनची ओळख एका कॉलेजात ‘कॉम्प्युटर सायन्स’खाली असते, दुसऱ्यात ‘कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स’ (सीआयएस) खाली, तर कुठे दोन्ही डिसिप्लिन ‘किंवा’ने जोडून लिहिलेली असतात. कॉम्प्युटर सायन्सला मास्टर्स लागते, आणि सीआयएस दुसऱ्या यादीत आहे. बारा वर्षं कोड लिहिलेल्या पण मास्टर्स न केलेल्या इंजिनिअरला एक दार बंद आणि शेजारचं सताड उघडं, असा हा प्रकार. त्यात पुस्तिकेत एक छोटी टीप आहे, जी अनेकांच्या नजरेतून सुटते: एखाद्या विषयासाठी संगणक-प्रोग्रॅम वापरायला शिकवणारा कोर्स त्या विषयाच्या डिसिप्लिनमध्ये टाकता येतो. म्हणून हिशेबासाठी एक्सेल शिकवणारा कोर्स अकाउंटिंगमध्येही सापडू शकतो, आणि तिथले निकष साफ निराळे आहेत.

म्हणून पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत बसू नये. आधी कॉलेजच्या संकेतस्थळावर त्या कोर्सचं ‘कोर्स आउटलाइन ऑफ रेकॉर्ड’, म्हणजे अधिकृत आराखडा, शोधा. ते सार्वजनिक असतं. त्यात ‘डिसिप्लिन’ किंवा ‘मिनिमम क्वालिफिकेशन्स’ नावाचा रकाना असतो. तिथलं नाव जसंच्या तसं टिपून घ्या आणि मगच पुस्तिकेत त्या नावाची नोंद उघडा. रकाना सापडला नाही तर विभागाच्या डीनच्या कार्यालयाला ईमेल करून नेमकं हेच विचारा. ‘मी पात्र आहे का’ या प्रश्नाला ते उत्तर देणार नाहीत, ‘हा कोर्स कोणत्या डिसिप्लिनमध्ये आहे’ याला देतील.

आउटलाइनमध्ये एक सहा आकडी टॉप कोडही दिसेल. त्याला फसू नका. टॉप म्हणजे टॅक्सॉनॉमी ऑफ प्रोग्रॅम्स. राज्याला आकडेवारी आणि निधीचा हिशेब ठेवण्यासाठी केलेलं ते वर्गीकरण आहे. गणिताचा १७०१.०० आणि संगणकशास्त्राचा ०७०६.०० हे असे कोड. टॉप कोड आणि डिसिप्लिन पुष्कळदा एकमेकांशी जुळतात, म्हणूनच घोळ होतो. शिक्षकाची पात्रता टॉप कोडवरून ठरत नाही. २०२५च्या फॉल सत्रापासून लागू झालेल्या कोर्सच्या सामाईक क्रमांकांचंही तेच. आता संख्याशास्त्राचा प्राथमिक कोर्स राज्यभर ‘स्टॅट सी१०००’ म्हणून ओळखला जातो, पण तो कुणी शिकवायचा हे नव्या क्रमांकाने बदललेलं नाही. कॉलेजने तो गणितात टाकला असेल तर वर सांगितलेली गणिताचीच नोंद लागू.

याहून महत्त्वाचा आहे कोर्सचा दर्जा. क्रेडिट, म्हणजे श्रेयांक देणारे, कोर्स दोन प्रकारचे: पदवीला धरला जाणारा आणि न धरला जाणारा. दोन्हींना वरच्याच याद्या लागू होतात. श्रेयांक न देणाऱ्या, म्हणजे नॉनक्रेडिट कोर्सचं प्रकरण वेगळं. त्याचे नियम टायटल ५ या राज्याच्या शिक्षणविषयक नियमावलीच्या कलम ५३४१२ मध्ये आहेत आणि पुस्तिकेत मागे ढकललेले आहेत, ही तिच्या मांडणीतली खरी उणीव. नॉनक्रेडिटला फी नसते, आणि शिकवणाऱ्याची पात्रता बहुतेक ठिकाणी एक पायरी खाली येते. मूलभूत गणिताला गणिताची बॅचलर्स पुरते. ज्येष्ठांसाठीच्या कोर्सला संबंधित बॅचलर्सबरोबर ज्येष्ठांच्या गरजा समजून घेण्याचं ३० तासांचं प्रशिक्षण हा एक मार्ग आहे. नोंदणीच्या वेळी एकाच खोलीत, एकाच वेळी क्रेडिट आणि नॉनक्रेडिट अशा दोन्ही नावांनी चालणारा वर्ग दिसला, तर शिक्षकाची पात्रता दोन्ही बाजूंनी तपासली जाणार हे गृहीत धरा.

तिसरा प्रकार म्हणजे कम्युनिटी सर्व्हिसेस किंवा कम्युनिटी एज्युकेशनचे फी घेऊन चालणारे वर्ग: योग, भारतीय स्वयंपाक, बॉलिवूड नाच. यांना राज्याची किमान पात्रता लागू नाही. कॉलेज स्वतःच्या अटी लावतं. योगाचं प्रमाणपत्र आहे पण मास्टर्स नाही अशांसाठी हा रस्ता सरळ आहे. तोच योग क्रेडिटमध्ये शारीरिक शिक्षणाच्या डिसिप्लिनखाली असेल, तर प्रमाणपत्राच्या जोरावर आत जाता येणार नाही.

भारतीय पदव्यांबाबत पुस्तिका जवळजवळ गप्प आहे, आणि तिला त्याचा दोष देता येत नाही, कारण परदेशी पदवीचा मेळ कसा लावायचा हे नियमानेच डिस्ट्रिक्टवर सोडलं आहे. बहुतेक डिस्ट्रिक्ट खासगी मूल्यमापन संस्थेचा अहवाल मागतात. कोणत्या संस्था चालतात हे आधी विचारून घ्या आणि अहवाल ‘कोर्स बाय कोर्स’ काढा. नुसता पदवीचा सारांश देणारा अहवाल स्वस्त पडतो, पण पुढे पदवीतला एकेक विषय दाखवायची वेळ आली की तो निरुपयोगी ठरतो. अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. काही संस्था अमेरिकी बॅचलर्स धरतात, काही धरत नाहीत. मुंबईची एमएमएस म्हणजे मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज. नोंदीत शब्द ‘बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ आहे, म्हणून अहवालात समकक्ष पदवीचं नाव काय लिहिलं जातं याला महत्त्व आहे. पुण्याची एमसीएम (मास्टर इन कॉम्प्युटर मॅनेजमेंट) कोणत्याच नोंदीत शब्दशः सापडत नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असोसिएट धरला जाईलच असं नाही. आणि सीए झालेल्यांनी अकाउंटिंगच्या नोंदीखालची टीप नीट वाचावी: बॅचलर्सच्या जोडीला मास्टर्सऐवजी चालतो तो सीपीएचा, म्हणजे अमेरिकी सनदी लेखापालाचा परवाना, आपल्या इन्स्टिट्यूटचं सदस्यत्व नव्हे.

जवळपास प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘ऑर द इक्विव्हॅलंट’ (किंवा समकक्ष) असे शब्द येतात. सर्वांत जास्त गैरसमज यांच्याविषयी आहे. ‘साधारण तसंच काहीतरी असलं तरी चालेल’ असा याचा अर्थ नाही. डिस्ट्रिक्ट आणि तिथली सिनेट यांनी मिळून ठरवलेल्या प्रक्रियेतून तुमची पात्रता यादीतल्या पदवीच्या किमान बरोबरीची आहे असं सिद्ध व्हावं लागतं, आणि अंतिम निर्णय डिस्ट्रिक्टच्या बोर्डाचा असतो. परदेशी पदवीचं मूल्यमापन आणि ही इक्विव्हॅलन्सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अहवाल जोडला म्हणजे दुसरी आपोआप मिळत नाही. अर्जात इक्विव्हॅलन्सीचा चौकोन रिकामा ठेवलात तर कित्येक ठिकाणी अर्ज समितीपुढे जाण्याआधीच बाजूला पडतो. वरच्या संख्याशास्त्रवाल्याने इथे काय करावं? आपल्या बी.एस्सी.तले गणिताचे पेपर एकेक करून काढावेत: कलन, रेषीय बीजगणित, वास्तव विश्लेषण. समोर त्याच कॉलेजजवळच्या विद्यापीठातल्या गणित बॅचलर्सचे कोर्स लिहावेत, तास आणि पाठ्यक्रमाच्या प्रतीसह. ‘मला वीस वर्षांचा अनुभव आहे’ या वाक्याला समितीपुढे फारसं वजन नाही, कारण पदवीतला सर्वसाधारण शिक्षणाचा आणि विषयाच्या खोलीचा असे दोन्ही भाग ती शोधत असते.

आणखी एक विनंती समित्यांकडे वारंवार येते: ‘मला पूर्ण डिसिप्लिन नको, हा एकच कोर्स शिकवायचा आहे, तेवढ्यापुरतं मान्य करा.’ हे होत नाही. एका कोर्सपुरती इक्विव्हॅलन्सी देण्याचा अधिकार डिस्ट्रिक्टला नाही, असं चान्सलर ऑफिसच्या कायदेविषयक मताने २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. पात्रता मिळते ती डिसिप्लिनची. म्हणून नुसत्या क्रिप्टोग्राफीच्या वर्गासाठी अर्ज केला, तरी समिती तुमच्याकडे त्या डिसिप्लिनचा कोणताही कोर्स शिकवू शकणारा माणूस म्हणून पाहते.

पुस्तिकेला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण नॉनक्रेडिट मागे ढकलल्याबद्दल गेला, एक गुण कोर्स डिसिप्लिनमध्ये कसा टाकला जातो याचं साधं चित्रही न दिल्याबद्दल. शोध घेताना आपल्या पदवीचं इंग्रजी नाव टाकून पीडीएफमध्ये शब्दशोध करावा. तुम्ही कल्पनाही केली नसेल अशा दोन-तीन डिसिप्लिनमध्ये ते ‘आणि’च्या एका बाजूला सापडतं.

अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपर्यंतच वर्ग देता येतात, त्यामुळे बरेच जण दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवतात. एका डिस्ट्रिक्टने दिलेली इक्विव्हॅलन्सी दुसऱ्याला बंधनकारक नाही. पहिल्या अर्जाच्या वेळीच मूल्यमापन अहवाल, गुणपत्रिका, विद्यापीठाच्या शिक्क्याचा पाठ्यक्रम आणि कोर्सची तुलना करणारा तक्ता यांचा एक संच स्कॅन करून ठेवा; दुसरीकडे तोच पुन्हा लागतो.