तुटणाऱ्या धातूचा अभ्यास: प्रयोगशाळा की सिम्युलेशन?

पदार्थ वाकतो कसा आणि तुटतो कसा, यावरच मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करायचं ठरलं, की लगेच पुढचा प्रश्न येतो: चाचणी-यंत्रापाशी उभं राहायचं की संगणकापुढे बसायचं?

प्रयोगात वेळ फार जातो. थकव्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन धातू कधी तुटतो हे पाहण्याच्या, एका चाचणीत भाराची १ कोटी आवर्तनं सेकंदाला २० या गतीने करायची, तर यंत्र जवळपास ६ दिवस अखंड चालतं. पण तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कारण उलगडू लागतं. खळगे दिसले तर धातू ताणला जाऊन फाटला. बारीक समांतर रेषा दिसल्या तर तडा आवर्तनागणिक पुढे सरकत गेला. ही नजर पुस्तकातून येत नाही, आणि अपघातांच्या तपासात तिला फार मोल आहे.

सिम्युलेशनमध्ये सुरुवात लवकर होते. खरी कसोटी नंतर: पदार्थ कमकुवत होऊ लागला की जाळी (गणनेसाठी वस्तूचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक करताच उत्तर बदलतं, आणि ते सावरायला गणित पक्कं लागतं. प्रोग्रामिंगमुळे इतर क्षेत्रांची दारंही उघडी राहतात.

माझा कल सुरुवातीला प्रयोगाकडेच. १९२१ साली ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी तड्याचा ऊर्जा-सिद्धांत मांडला, तोही काचेच्या नळ्या आणि पोकळ गोळे फोडून तपासूनच. गणिताची ओढ असेल तर सिम्युलेशन जरूर घ्या, फक्त ज्यांच्या गटात चाचणी-यंत्रही आहे असेच मार्गदर्शक निवडा.