सान्सा क्लिप प्लसवर रॉकबॉक्सचा इक्वलायझर: खर्ज कसा मिळवला

सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस हा २००९ सालचा प्लेअर. मी वापरलेलाच घेतला आणि लगेच त्यावर रॉकबॉक्स टाकलं. अशा प्लेअरांसाठी जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी मिळून लिहिलेलं हे मोफत फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारी मूळ प्रणाली. गेल्या पावसाळ्यापासून रोज यावरच ऐकते आहे, आणि हा जुना प्लेअर अजून खिशात आहे तो मुख्यतः त्यातल्या इक्वलायझरमुळे, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीमुळे.

मी ऐकते ते तबला, पखवाज, ढोलकी. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा, घुमारा शंभर हर्ट्झच्या (सेकंदाला शंभर कंपनांच्या) आगेमागे असतो. साध्या इयरफोनमध्ये त्याची नुसती थाप पोचते. तळहाताच्या दाबाने सूर वर सरकतो तो घिस्सा हरवतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती याच खोल आवाजासाठी, आणि नेमका तोच ऐकू येत नसेल तर काय उपयोग?

बेस हवा की बहुतेक जण इक्वलायझरमधले खालचे पट्टे वर ढकलतात आणि मग आवाज फाटतो. डिजिटल आवाजाला वरची हद्द ठरलेली असते आणि हल्लीची बरीच गाणी त्या हद्दीला टेकूनच ध्वनिमुद्रित होतात. ६ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) वाढवणं म्हणजे लहरीची उंची जवळपास दुप्पट करणं. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच. इथे लहरींचे शेंडे सपाट कापले जातात आणि कानाला खरखर लागते.

यावर रॉकबॉक्समध्ये 'प्रीकट' आहे. इक्वलायझर लागण्याआधी तो सगळाच आवाज तेवढ्या डेसिबलने खाली आणतो. म्हणजे जितका बेस वाढवायचा, निदान तितका प्रीकट आधी द्यायचा आणि कमी झालेला आवाज व्हॉल्यूमने भरून काढायचा. माझा प्रीकट ६ डेसिबल आहे. सगळ्यात खालचा पट्टा 'लो शेल्फ' प्रकारचा असतो, म्हणजे ठरवलेल्या जागेखालचा सगळाच आवाज तो एकत्र कमी-जास्त करतो. तो ६० हर्ट्झवर ठेवून ५ डेसिबल दिले.

पण खरा फरक पडला तो २५० हर्ट्झला ३ डेसिबल कमी केल्यावर. हा भाग फुगलेला असला की सगळं गदळ वाटतं, गायकाचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा होतो आणि आपल्याला वाटतं बेस भरपूर आहे. तो उतरवला आणि डग्गा एकदम सुटा झाला. तिथे क्यू, म्हणजे पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा, १ च्या आसपास ठेवला आहे. क्यू जितका मोठा, तितका पट्टा अरुंद.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी मात्र कराच. गाणं चालू असताना इयरफोन बोटाने कानात हलकेच दाबा. बेस एकदम वाढला तर दोष सेटिंगचा नाही, रबरी टोपी कानात नीट बसत नाहीये. आवाजाचा खालचा भाग त्या फटीतून निसटतो. एक माप मोठी टोपी लावल्यावर मला शेल्फचे २ डेसिबल कमी करता आले, म्हणून आता तो ५ वरून ३ वर आहे. खर्च जवळपास शून्य.

व्हॉल्यूमचाही संबंध आहे. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर इतरांपेक्षा जास्त मंद लागतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. त्यामुळे रात्री हळू ऐकायला माझा वेगळा प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) आहे: शेल्फ ६, प्रीकट ७. लोकलमध्ये मी बेस वाढवत नाही. तिथला गडगडाटही खालच्याच पट्ट्यातला, त्याच्यावर चढवायचं तर कानांवर अत्याचार होतो.

बदल करायचे इक्वलायझरच्या मेन्यूतल्या 'ॲडव्हान्स्ड इक्यू'मध्ये (इक्यू म्हणजे इक्वलायझरच). 'ग्राफिकल इक्यू'ही आहे, पण एवढ्याशा पडद्यावर आकडे बदलणंच सोपं जातं. प्रीसेट सेव्ह केला की त्याची छोटी फाइल तयार होते, ती कॉम्प्युटरवर ठेवून द्या. इक्वलायझर चालू असला की प्रोसेसरला काम जास्त पडतं, त्यामुळे बॅटरी थोडी लवकर उतरते. ऑफिसला जाऊन-येऊन मला ती अजून कधी कमी पडलेली नाही.