पिस्टन जळालेली चेनसॉ कमी खर्चात उभी केली : 8 महिन्यांच्या वापरानंतर

दुरुस्तीला 8 महिने झाले. या काळात सुमारे 60 टाक्या पेट्रोल जळलं. टाकी अर्ध्या लिटरची, म्हणजे 30 लिटरच्या आसपास. थंड इंजिन तिसऱ्या-चौथ्या ओढीला सुरू होतं, गरम असलं तर पहिल्याच. काम जमलं, यात शंका नाही. पण ते नव्या पिस्टनमुळे जमलं असं मी म्हणणार नाही, आणि हे लिहायचं कारणही तेच आहे. नवा किट (पिस्टन आणि रिंगचा संच) बसवून चार टाक्यांत तोही जाळलेला मी जवळून पाहिला आहे.

माझी करवत 50 सीसीची. जाड ओंडका कापताना रेस आपोआप चढली, आवाज किंचाळल्यासारखा झाला, मग दम गेला आणि इंजिन बंद. थंड झाल्यावर दोरी ओढली तर हाताला काही जोरच लागेना. प्लगच्या जागी गेज लावला, कॉम्प्रेशन 90 पीएसआय. अशा इंजिनाला 150 च्या आसपास हवं. सायलेन्सर काढून आत पाहिलं तर पिस्टनवर उभे खोल ओरखडे आणि रिंग खाचेत चिकटलेली. कार्ब्युरेटरच्या बाजूने मात्र पिस्टन जवळपास स्वच्छ. बिनतेलाचं पेट्रोल गेलं असतं तर तो बहुधा सगळीकडून खरवडला असता. फक्त सायलेन्सरकडे मार दिसला की मिश्रण पातळ झाल्याचा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याचा संशय आधी घ्यावा.

खूण आधीच मिळाली होती. थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली येत नव्हती आणि आयडलिंगला मध्येच वाढायची. मी आयडलचा स्क्रू थोडा मागे घेऊन दोन दिवस काम रेटलं. तिथे माझी चूक झाली. कार्ब्युरेटरच्या पुढे कुठूनही बाहेरची हवा आत शिरली की पेट्रोलचं प्रमाण घटतं आणि इंजिन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येतं, त्यामुळे तेलही तेवढंच कमी पडतं. एकाच वेळी दोन्ही मार.

म्हणून इंजिन पूर्ण उघडण्याआधी गळती शोधली. यासाठीचा खास पंप महाग असतो. मी रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काट्याचा गेज वापरला. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून इनटेक आणि सायलेन्सरच्या तोंडावर घट्ट आवळले, प्लग जागेवर ठेवला आणि क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या बंद पेटीतून) कार्ब्युरेटरला जाणाऱ्या बारीक नळीला फुगा जोडला. 300 मिमी पारा म्हणजे साधारण 0.4 बार, तपासणीला पुरेसा. काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. साबणाचं पाणी लावताच मॅग्नेटकडच्या ऑइल सीलला बुडबुडे आले, आणि इनटेकचं रबर वाकवल्यावर एक बारीक चीरही सापडली. ती नुसती पाहून कधीच दिसली नसती. फुग्याने फक्त आतून बाहेरचा दाब तपासता येतो. सीलची कड आतला दाब धरून ठेवते आणि उलट खेचलं की हवा सोडते, असंही होतं. म्हणून नंतर ब्रेकचं तेल काढायचा हातपंप मागून आणून व्हॅक्यूमही घेतला.

आता सिलिंडर. त्याच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक थर असतो, काहींत क्रोमचा. तो बोअर करून मोठा पिस्टन घालता येत नाही. पण भिंतीवर जे ओरखडे दिसतात, ते पुष्कळदा तिथे चिकटलेलं पिस्टनचंच अॅल्युमिनियम असतं. हायड्रोक्लोरिक अॅसिड ते विरघळवतं आणि निकेलच्या थराला फारसं काही करत नाही, क्रोमचा थर मात्र ते खातं. मी कापसाच्या काडीने फक्त डागांवर थेंब-थेंब लावलं, फेस आला की पुसलं, परत लावलं. पोर्टच्या (भिंतीतल्या भोकांच्या) कडा आणि बाहेरच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाकळ्या उघड्या अॅल्युमिनियमच्या असतात, तिथे अॅसिड लागता कामा नये. फेस थांबतच नसेल तर त्या जागी थर गेलेला आहे असं समजून लगेच थांबायचं. काम उघड्यावरच, हातमोजे आणि चष्मा घालून. अॅसिडचा धूर फुप्फुसात जाऊ देऊ नका. नंतर भरपूर पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी, परत पाणी, कोरडं पुसून तेल. शेवटी हिरव्या घासणीने तिरपी घासाई. एक फिकट रेघ राहिली, पण नख अडकत नव्हतं, म्हणून तोच सिलिंडर ठेवला. सर्वांत जास्त पैसे इथे वाचले.

पिस्टन मात्र नवा घेतला, साध्या दर्जाचा. त्यासोबतची रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली, तिच्या दोन टोकांमधली फट 0.6 मिमी निघाली. एवढ्या बोअरला 0.2 च्या आसपास हवी, म्हणून चांगली रिंग वेगळी मागवली. किटमधले गजन पिनचे (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचे) लॉक वापरले नाहीत. मूळ बनावटीचे नवे घेतले. एक लॉक सुटला तर अख्खा सिलिंडर जातो, तिथे काटकसर नको. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे ठेवायचा. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहिला, हलत नव्हता. तो हलला असता तर मी काम तिथेच सोडलं असतं, कारण पुढे क्रँक आणि बेअरिंग आले आणि खर्चाचं गणितच मोडलं.

दोन्ही सील, इनटेकचं रबर, पेट्रोलची नळी आणि फिल्टर नवे. दुसऱ्या बाजूच्या सीलपर्यंत पोचायला क्लच काढताना त्याचा आटा उलटा असतो हे ध्यानात ठेवा. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी आत सारली, लोखंडी वस्तू अजिबात नाही.

पहिल्या पाच टाक्या मिश्रण किंचित जाड ठेवून चालवलं: लिटरला 25 मिली तेल आणि एच स्क्रू (कार्ब्युरेटरवरचा, जास्त रेसला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) थोडा उघडा. मोकळ्या फुल थ्रॉटलला इंजिन थोडं अडखळलं पाहिजे आणि लाकडात शिरताच आवाज मोकळा झाला पाहिजे. एकसारखा गुळगुळीत तीक्ष्ण आवाज ऐकून खूश व्हायची माझी जुनी सवय होती. आता तसा आवाज आला की मी थांबतो. नंतर 20 मिलीवर, म्हणजे 50:1 वर आलो.

तिसऱ्या महिन्यात गरम असताना सुरू व्हायला त्रास देऊ लागली. मी घाबरून परत दाब तपासला, तो ठीक होता. दोष कार्ब्युरेटरच्या कडक झालेल्या पडद्याचा निघाला. दुरुस्तीच्या वेळी तो जुनाच ठेवला होता. तेव्हाच बदलायला हवा होता, कारण किट स्वस्त असतो. पाचव्या महिन्यात सायलेन्सर काढून पिस्टन पाहिला. कारखान्यातल्या कातकामाच्या बारीक रेघा अजून दिसत होत्या, जुन्या ओरखड्यासमोर किंचित चकाकी. आज कॉम्प्रेशन 140 आहे, बसवल्यावर 145 होतं.

तक्रार एकच. टाकी भरलेली असताना करवत आडवी ठेवली की झाकणातून पेट्रोल पाझरतं. झाकणाची रबरी रिंग बदलूनही थोडं येतंच, आता झाकणच नवं घेणार आहे.

एकूण खर्च तशाच नव्या करवतीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आला. त्यात सील आणि रबराचा वाटा सगळ्यांत छोटा होता.