सेंट मेरी बेट की आंबोली?
निपाणीच्या मावसबहिणीला मुलांना ज्वालामुखीचा दगड दाखवायचाय. कर्नाटक किनाऱ्यावरच्या मलपेजवळचं सेंट मेरी बेट की आंबोली, एवढाच प्रश्न.

वेळ आणि खर्चात आंबोली सरस. निपाणीहून सकाळी निघून रात्री घरी. मलपे पार उडुपीजवळ. लांबचा प्रवास, वर बोटीचं तिकीट.

पण दगड! आंबोलीचा बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, झाडीत, शेवाळात दडलेला. बेटावर मात्र सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे बहुकोनी खांब एकमेकांना खेटून उभे. मादागास्कर भारतापासून तुटताना वर आलेला हा लाव्हा थंड होताना आकसून तडकला. त्या भेगा मुलांना हाताने चाचपता येतील.

पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा आंबोलीच. आजी-आजोबा सोबत असतील, तेव्हाही आंबोलीच. दिवाळीनंतर दोन-तीन दिवसांची सवड असेल, तर बेटच गाठा.