जीएम पिकांचे नियम: आधी खबरदारी की आधी हिशोब?

बायोटेकच्या नियमांवर मत बनवायचंय आणि युरोप बरोबर की अमेरिका यात अडकलाय? तर आधी "एकीकडे विज्ञान, दुसरीकडे नुसती भीती" हे डोक्यातून काढा, खरा वाद पुरावा कोणी आणायचा आणि चुकलं तर कोणाच्या अंगावर शेकणार याचाय.

युरोपात खबरदारी आधी: जीएम, म्हणजे जीन बदललेलं, पीक शेतात न्यायच्या आधीच परवानगी लागते, रिस्क तपासून कागद कंपनीने आणायचे, आणि बघितलं जातं पीक कसं बनवलं ते. यातून गमती होतात. 2018 मध्ये युरोपियन कोर्टाने जीन एडिटिंगही जीएमच्या नियमात घातलं, पण रेडिएशन मारून बनवलेल्या जुन्या वाणांना सूट कायम. म्हणजे डीएनएत नेमका एक छोटा बदल केला तर फायलीच फायली आणि कुठे काय बदललं ते धड माहीत नाही त्याला रान मोकळं!

अमेरिकेने 1986 मध्ये जुनेच कायदे आणि जुन्याच एजन्सी वापरायचं ठरवलं, बघायचं ते प्रॉडक्ट. काम झटपट होतं, पण 2000 मध्ये फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी असलेला स्टारलिंक मका माणसांच्या टाको शेल्समध्ये सापडला आणि माल परत मागवावा लागला. वाचवलेला खर्च असा मागून येतो.

हिशोबाच्या, म्हणजे फायदा-तोटा मोजणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या, बाजूने मला पटणारा मुद्दा म्हणजे चुकून पास केलेल्या पिकाची बातमी होते, चुकून अडवलेल्याची होत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्यांचा खर्च मोठ्या कंपन्यांनाच झेपतो, छोटी लॅब आधीच गळते. डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) नियमातही पुरावा अपुरा असताना थांबवता येतं, पण तात्पुरतं, पुढची माहिती गोळा करायची आणि वाजवी काळात फेरविचार करायचा. तिथल्याच जीएमवरच्या 2006 च्या निकालात युरोप हरला तो मंजुरीत विनाकारण उशीर केला आणि काही देशांच्या बंदीमागे नीट रिस्क तपासणी नव्हती म्हणून, जीएम सुरक्षित की नाही यावर निकाल देणारं पॅनेल बोललंच नाही.

माझं मत विचाराल तर जीन ड्राइव्हसारखं (केलेला बदल पुढच्या जवळपास सगळ्या पिढ्यांत ढकलणारं तंत्र), जे जंगली प्रजातीत पसरलं की परत आणता येत नाही, तिथे डोळे झाकून युरोपची बाजू घ्या. छोट्या एडिटला अमेरिकेची. तणनाशक सहन करणाऱ्या पिकांचं अवघडे, तण हळूहळू दाद देईनासं होतं, नुकसान सगळ्यांचं आणि दावा ठोकायला एकटा दोषी सापडत नाही, त्यामुळे तिथे मंजुरी द्या पण वापराच्या अटी आधीच घालून.