कॉर्सेअर व्हेन्जन्स एलपीएक्स (डीडीआर४ ३२००, ८+८ जीबी): आधी स्टिकर वाचा

दिसायला ही रॅम अगदीच साधी. लायटिंग नाही, चमचमाट नाही, नुसता काळा पत्रा. मला तेच हवं होतं, कारण बुटकी असल्यामुळे माझ्या थोराड एअर कूलरखाली ती निमूट बसते.

मशीन जोडून देणाऱ्यानं (नाव नको) एक्सएमपी (रॅमला तिच्या डब्यावरच्या वेगानं चालवणारं तयार सेटिंग) चालूच केलं नव्हतं. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड २१३३! म्हणजे पैसे ३२०० चे आणि काम २१३३ चं. पुण्यात अशी किती मशीन बिनदिक्कत चालू असतील देव जाणे. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या मेनूत) एक्सएमपी ऑन केलं की १.३५ व्होल्टवर ३२००, सीएल १६ मिळतं. सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती टिकटिक घेते तो आकडा, कमी तितका बरा. ज्यांना पुढच्या उचापती नकोत त्यांनी इथेच थांबावं; मोठा फरक इथेच पडतो.

मी कसला थांबतोय! माझ्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरला ३६०० मानवतं, कारण त्याचं इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा रस्ता) तेव्हा १८०० वर मेमरीच्या बरोबरीनं चालतं; मेमरीचं खरं घड्याळ ३६०० च्या निम्मं, म्हणजे १८००च असतं. ४००० च्या हव्यासापायी ही जोडी फुटली तर लेटन्सी (डेटा यायला लागणारा उशीर) उलट वाढते. आता स्टिकर. त्यावरच्या व्हर्जनचा पहिला आकडा ३ असेल तर चिप मायक्रॉनची, ४ असेल तर सॅमसंगची, ५ म्हणजे हायनिक्स. माझ्याकडे ३ आली. ३६०० वर सीएल १६ ला ती हूं की चूं करत नाही, पण टीआरसीडी (सीएलसारखाच रॅमच्या वेळेचा दुसरा आकडा) १९ च्या खाली नेलं की बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅम बिघडल्याचा, दिवा लागतो आणि स्क्रीन काळी. व्होल्टेज वाढवलं तरी ढिम्म. शेवटी ३६०० वर, १.३८ व्होल्टला, १६-१९-१९-३८ वर (पहिला आकडा सीएल, दुसरा टीआरसीडी) तह केला. हिशेबानं सीएलचा वेळ १० नॅनोसेकंदांवरून ८.९ वर आला. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये सरासरी फ्रेम फारशा हलल्या नाहीत, पण धुराचा बॉम्ब (स्मोक) पडल्यावर बसणारे झटके कमी झाले.

मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालवा, आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा एकदा. डिसेंबरात पास झालेलं सेटिंग चाळीस डिग्रीत एरर देऊ शकतं. फक्त बुधवारी रात्री लावू नका, गुरुवारी लाइट जाते.

घेताना एकाच पॅकमधली जोडी मागा. दुकानदार दोन सुट्या पट्ट्या गळ्यात मारायला लागला तर सरळ पुढच्या दुकानात जा, टिळक रोडवर दुकानांना तोटा नाही.